एक चूल, एक घर

आयुष्यात मी एकच व्याख्या केली आणि ती नेमकी अमलात आली. चार शब्दांची होती : एक चूल, एक घर. केली तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, स्वतःवर बेहद्द खूश होते आणि आपण एका वस्तीचं भलं केलं अशी माझी पक्की समजूत होती. ती व्याख्या बरोबर होती की चूक, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. वर्गात मुलं विचारतात. मी खडू खाली ठेवते, फळा पुसते आणि घंटा होईपर्यंत दुसरंच काहीतरी बोलत राहते.

शिकले मी आर्किटेक्चर. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मुलगी घरं बांधायला शिकणार म्हणजे नेमकं काय करणार, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. चित्रकलेसारखं काहीतरी असावं आणि लग्नाच्या आड येऊ नये, एवढ्यावर त्यांनी होकार दिला. पुढे ते लग्नाच्या आड आलंच, पण तो विषय वेगळा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मला एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली. जरीपटका भागाच्या पलीकडे रुळांलगत एक जुनी वस्ती होती. छप्पन साली दीक्षा घेतलेली कुटुंबं; कुणी मिलमध्ये, कुणी रेल्वेच्या यार्डात, आणि बहुतेक बायका घरी बसून बिड्या वळायच्या. ही वस्ती जवळच्याच मोकळ्या मैदानात हलवायची होती. सरळ ओळी, प्रत्येक घराला एक प्लॉट आणि त्यावर एक पक्की खोली. आमच्या नागपुरात याला लेआउट म्हणतात. त्या लेआउटच्या ओळी मी आखायच्या आणि त्याआधी वस्तीतली घरं मोजायची, असं माझं काम ठरलं. मला घेतलं ते मार्क बघून घेतलं असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "बाईमाणूस असलं की आत जाता येतं." साहेब इंजिनिअर होते, सरळ माणूस होते, आणि त्यांना एका पानापेक्षा मोठा कागद वाचायचा कंटाळा होता.

घर मोजायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. भिंती काढायच्या, दारं-खिडक्या काढायच्या, उत्तरेचा बाण काढायचा, आणि जे हलतं ते सोडून द्यायचं. खाट हलते, सोडा. माठ हलतो, सोडा. माणूस हलतो, सोडा. मी टेप घेऊन भर मे महिन्यात त्या गल्ल्यांतून फिरायची, डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून आईनं पर्समध्ये ठेवलेला कांदा. संध्याकाळी ऑफिसात बसून आकडे कागदावर उतरवायची, तर कागदावर उरायची बारा बाय दहाची एक रिकामी चौकट. ज्या घरात मी दुपारी सात माणसं, दोन बकऱ्या आणि वाळत टाकलेल्या कुरड्या बघून आले होते, ते घर हेच, हे माझं मलाच पटायचं नाही. मी काय मोजून आणलं, असा प्रश्न मला रोज पडायचा आणि रोज मी तो शाईनं गिरवून ठेवायची.

म्हणून मी विद्यापीठात सकाळचे मानवशास्त्राचे वर्ग लावले. घर मोजता येतं तर घरातली माणसंही कुठल्यातरी पद्धतीनं मोजता येत असतील, अशी माझी भाबडी कल्पना होती. झालं भलतंच. वर्गात मला "इंजिनिअर मॅडम" म्हणायला लागले आणि ऑफिसात "त्या मानवशास्त्रवाल्या". वर्गात मी आकृत्या काढायची म्हणून सर हसायचे; ऑफिसात मी नकाशाच्या कडेला "येथे संध्याकाळी बायका बसतात" असं लिहायची म्हणून ड्राफ्ट्समन हसायचे. आईला नातेवाईक विचारायचे, मुलगी काय करते? आई सांगायची, नोकरी करते. ते सगळ्यात सोपं होतं.

मोजणीचा जुना नियम दाराचा होता. गल्लीत उघडणारं एक दार म्हणजे एक घर. ऑफिसचे लोक पुढे जाऊन गेरूनं दारांवर आकडे टाकायचे आणि मी मागून मोजत जायची. तिसऱ्या आठवड्यात एक घर लागलं, दार एक आणि आत तीन भाऊ, तिघांच्या तीन बायका, तीन चुली, अकरा पोरं. कागदावर ते एक घर होतं. अकरा पोरांसह सतरा माणसं एका पक्क्या खोलीत जाणार होती, आणि पलीकडच्या गल्लीत एक नवरा-बायको दोघंच राहत होते त्यांनाही तेवढीच खोली. माझं डोकंच फिरलं.

मला दाराचा हा मूर्खपणा लगेच कळला, कारण मी तो घरीच बघितला होता. महाल भागातल्या आमच्या घरात माझ्या लहानपणी काका आणि बाबांचं बिनसलं आणि काकूनं मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली. भिंत घातली नाही, दार एकच राहिलं, टपालवालाही एकच पत्ता वाचायचा. पण घरं दोन झाली होती आणि ते गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याकडे घर फुटलं की आधी चूल फुटते, भिंत पुढे केव्हातरी येते. मग मोजायचं असेल तर चूलच मोजायला हवी.

मी दीड पानांचं टिपण लिहिलं. दार का चालणार नाही, चूल का चालेल. "एक चूल, एक घर" याखाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्या. साहेबांनी दीड पान वाचलं हेच नवल, वर त्यांना ते पटलं. "चूल मोजता येते," ते म्हणाले. "तुमच्या बाकीच्या गोष्टी मोजता येत नाहीत. ही येते." सही झाली. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं तर त्यांनी वर्गापुढे माझं नाव घेतलं. मला वाटलं, सापडलं. दोन्ही धंदे जिथं मिळतात ती जागा मला सापडली. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी गुणगुणत होते.

ही बातमी वस्तीत पोचायला अर्धा दिवस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर गल्लीत मातीचा ओला वास. पहिल्या घरात दोन चुली. दुसऱ्या घरात तीन. चौथ्या घरात म्हातारी एका कोपऱ्यात आणि तिची सून दुसऱ्या कोपऱ्यात, दोघी दोन चुलींपुढे पाठमोऱ्या बसलेल्या, आणि दोन्ही चुलींवर काही नाही. मी म्हटलं, ही चूल तर ओली आहे. सून म्हणाली, "रोज पोतारतो ना आमी, म्हून ओली दिसून राह्यली."

मी चिडले. मग मी नियम काढले. मागच्या भिंतीवर काजळी हवी. राख बघणार. मेच्या उन्हात नवी चूल एका दिवसात वाळते आणि तडकते. जुनी चूल रोजच्या सारवणानं एकजीव झालेली असते. तेव्हा तडे बघायचे. दुसऱ्या दिवशी नव्या चुलींवर ओली पोती घातलेली, आणि भिंतीला कंदिलाची काजळी चोळलेली. मी वाकून वाकून राख चिवडत होते. आर्किटेक्चरची पाच वर्षं आणि मानवशास्त्राचं एक, आणि मी लोकांच्या चुलीतली राख बोटानं चाचपत होते.

एका बाईला मी सरळ सुनावलं, "ही चूल कालची आहे. खोटी आहे." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल वेगळी झाली तं खोटी झाली काय वं? पोरगं काल झालं, तं ते पोरगं नाही काय?"

चूल किती दिवस पेटली की खरी होते? आठ दिवस? दिवाळीपासून? मी तिच्या पुढे "एक" लिहिलं, मग खोडलं, मग "दोन" लिहिलं. नंतरच्या घरांना मी काय लिहिलं ते त्या दिवसाच्या उन्हावर आणि माझ्या डोकेदुखीवर अवलंबून होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक कबूल करते. सुरुवातीला मी घरून पाण्याची बाटली न्यायची. उन्हाचं कारण होतं आणि ते खरंही होतं. पण मी बाटली काढली की बायका तिच्याकडे बघायच्या, आणि त्या काय बघताहेत ते मला कळायचं. आठवड्याभरानं मी बाटली न्यायची सोडली. कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण त्यानंतर मला आत बसायला पाट मिळायला लागला.

एकेचाळीस नंबरचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाची एक खोली. दाराच्या जुन्या नियमानं तिला आधीच गेरूचा आकडा मिळालेला होता. आत पन्नाशीची एक बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. सडपातळ, कपाळ रिकामं, बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी आपली आपण चालत होती. खोलीत एक पेटी, एक खाट, निळ्या कोटातली तसबीर, आणि चारी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, लख्ख. काजळीचं बोटही नाही. वस्तीत इतक्या स्वच्छ भिंती मी बघितल्या नव्हत्या आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की ही खोली स्वच्छ का आहे.

"तुमची चूल कुठं आहे?"

"ते काय, तिकडं." तिनं हनुवटीनं शेजारचं घर दाखवलं. "जावेकडं."

चाळीस नंबरात तिचा धाकटा दीर, त्याची बायको आणि चार पोरं. हिचा नवरा बारा वर्षांपूर्वी मिलमध्येच आजारी पडून गेला. तेव्हापासून दोघी जावांची चूल एक. सकाळचं ही करायची, संध्याकाळचं धाकटी करायची, मधल्या वेळात दोघी समोरासमोर बसून बिड्या वळायच्या. झोपायला ही आपल्या खोलीत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मलाही वाटलं नसतं, जर माझ्या हातात तो फॉर्म नसता.

तिची बोटं थांबली. "मंग मले नाही भेटत?"

तिला सगळं माहीत होतं. वस्तीतल्या प्रत्येकीला माझे चार शब्द पाठ झाले होते. दाराचा नियम राहिला असता तर तिला न मागता प्लॉट मिळत होता. मी नियम बदलला होता, माणसांना नीट समजून घेऊन, लाल शाईच्या दोन रेघा ओढून. आणि त्या नियमानं आता ती घरच नव्हती. दीर-जाऊ-चार पोरांच्या एका खोलीत ती सातवी होती.

मी दार लोटून घेतलं आणि जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मी गुरुवारी परत येते. तोवर एक चूल मांडा. चार विटा असल्या तरी चालतील. मी काजळी बघणार नाही."

ती हसेल, आनंदेल असं मला वाटलं होतं. "आन् तिले काय सांगू? घर पायजे म्हून तुया हातचं सोडलं, असं सांगू?"

"नुसती मांडायची. पेटवू नका."

"नुसती चूल मांडत असते काय कोनी? चूल मांडली का झालं." आणि ती परत बिड्या वळायला लागली.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या एका बाईला दाराच्या हिशेबानं धरा. साहेबांनी फाईल काढली, माझं दीड पान पुढे ठेवलं आणि लाल रेघांवर बोट ठेवलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते शांत होते. "दार चालणार नाही असं तुम्हीच पटवलंत मला. आता तुम्ही म्हणाल तर दार मोजतो. पण मग ते तीन भाऊ आणि अकरा पोरं एका खोलीत जातील. आणि एकीला दारानं, बाकीच्यांना चुलीनं, असं मला करता येणार नाही. उद्या सगळी वस्ती माझ्या टेबलासमोर येईल. बोला, कुणाला बाहेर ठेवू?"

मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चमकले. "फार सुंदर केस आहे. निवारा वेगळा, चूल सामाईक. हेच तुमच्या प्रबंधाचं प्रकरण. लगेच लिहून काढा." मी म्हटलं, सर, तिचं घर जातंय. ते म्हणाले, "हो, तेही लिहा." सर वाईट नव्हते. पण त्या क्षणी मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याकडे दोन चुली झाल्या म्हणून तू हे लिहिलंस ना? आणि वाटी?"

वाटी मी विसरलेच होते. काकूनं वेगळी चूल मांडली त्याच आठवड्यापासून आईनं भाजीची वाटी मागच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली आणि तिकडून आमटीची वाटी यायला लागली. बाबा-काका वर्षभर बोलले नाहीत. वाट्या एक दिवस थांबल्या नाहीत. त्या मीच नेत होते, फ्रॉकवर सांडत. मी माझ्याच घरावरून व्याख्या काढली आणि नेमकं जे माझ्या हातात होतं तेच विसरले. "वाटी कुठल्या रकान्यात लिहिलीस?" आईनं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

गुरुवारी मी एकेचाळीसमध्ये गेले तेव्हा दार उघडं होतं आणि कोपऱ्यात चूल होती.

चांगली, निगुतीनं मांडलेली, तीन थानांची, म्हणजे भांडं टेकायच्या तीन उंचवट्यांची, चूल. पेटवलेलीही होती, मागची लख्ख भिंत हातभर काळी झाली होती. चुलीपाशी धाकटी जाऊ उभी, हात कोपरापर्यंत मातीचे. थोरली खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. सूप रिकामं होतं.

"मीनं मांडली," धाकटी म्हणाली. "तुमी सांगतलं ते मले समजलं. हे काई मांडणार नवती. लिहून टाका."

थोरली भिंतीकडे बघतच म्हणाली, "बारा वर्सं झाले. आता मले बाहेर काढलं."

"बाहेर काहाले काढीन गा माय! घर भेटलं पायजे ना तुले!"

"मीनं मांगतलं काय?"

"कालपासून पान्याचा घोट नाही घेतला," धाकटी मला म्हणाली आणि रडायला लागली. मातीच्या हातांनी तिला डोळेही पुसता येत नव्हते. दोघींपैकी कुणाच्याही बाजूनं मला उभं राहता येत नव्हतं. एकीनं प्रेमानं चूल मांडली होती आणि दुसरीला तिनं प्रेमानंच घराबाहेर काढलं होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीच्या मुळाशी मी होते. चूल कालची होती. माझ्याच नियमानं ती खोटी होती. वस्तीत मी इतक्या चुली तपासल्या, पण तिच्याइतकी खरी चूल मी पाहिली नव्हती. मी फॉर्मवर लिहिलं : चूल, एक. सही केली. मग बाहेर येऊन नळाच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

पावसाळ्यानंतर प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठ्यांनी द्यावेत, वशिला नको, हा आग्रहही माझाच. चाळीस नंबरला दुसरी ओळ आली, एकेचाळीसला नववी. मध्ये सहा सरळ ओळी, माझ्या हातच्या, टी-स्क्वेअर लावून आखलेल्या. दोघी जावा चिठ्ठ्यांच्या दिवशी एकमेकींपासून लांब उभ्या होत्या. कुणीतरी मला सांगितलं की त्या गुरुवारपासून त्या बोलत नाहीत. थोरलीनं प्लॉटच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा मी तिथं होते. तिनं वर बघितलं नाही.

घर मिळालं ना, असं मी स्वतःला सांगायची. डोक्यावर पक्कं छप्पर मिळालं. मग लगेच वाटायचं, आणि ताटातलं गेलं. मी ती नोकरी वर्षभरात सोडली. प्रबंध पुरा केला, त्यात चाळीस आणि एकेचाळीस ही घरं घातली नाहीत. सरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा विषय बदलला. पुढे आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायला लागले आणि आठवड्यातून दोन तास मानवशास्त्राच्या मुलांनाही. लोक म्हणायचे, दोन विषयांचा काय सुंदर मेळ घातलाय तुम्ही. मी मान हलवायची. जरीपटक्याकडे कामच निघालं तर मी लांबच्या रस्त्यानं जायची.

सात-आठ वर्षांनी, ऐंशी सालानंतर, माझ्या विद्यार्थ्यांनीच मोजणीसाठी तो लेआउट निवडला. नको म्हणायला कारण सुचेना. ओळी तशाच सरळ होत्या, पण लोकांनी पुढे छपऱ्या काढल्या होत्या, मागे मोऱ्या, मध्ये तुळतुळीत झालेले ओटे. माझी एक विद्यार्थिनी टेप आणि फॉर्म घेऊन नवव्या ओळीत शिरली आणि मी तिच्यामागे गेले, कारण पाय तिकडेच गेले.

ती दारातच बसली होती, मांडीवर सूप. केस पांढरे झाले होते, बोटं तशीच चालत होती. मला तिनं ओळखलं की नाही कळलं नाही. मुलीनं विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? एक. चुली किती?

"दोन."

मुलगी गोंधळली. माणूस एक आणि चुली दोन? तिनं माझ्याकडे बघितलं. मी आत डोकावले. कोपऱ्यात चूल होती, तीन थानांची, जुनी मोडून नव्या घरात तशीच मांडलेली. पण ती पांढऱ्या मातीनं पोतारलेली होती आणि मागची भिंत लख्ख होती. चुलीवर घडी घातलेली गोधडी ठेवली होती.

"दुसरी कुठं आहे, आजी?" मुलीनं विचारलं.

तिनं हनुवटीनं ओळींच्या पलीकडे दाखवलं. "तिकडं, दुसऱ्या लाइनीत. जावेकडं."

"तुम्ही बोलत नव्हता ना?" मी विचारलं.

आता तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "सा महिने नाही बोललो. मंग ते भाकर घेऊन आली, अठ्ठी दारात बसली, म्हने, आता रोज मी एवढ्या दूर येऊ काय? तूच ये. मंग जातो. सकायी जातो, सांजी जातो. उनायात पाय भाजते. गुडघेबी धरते आता."

सहा ओळी, दिवसातून चार वेळा. मला त्या ओळींची रुंदी पाठ होती.

मुलीचं पेन अजून रकान्यावर थांबलेलं. "पण मग ही कुणाची?" तिनं चुलीकडे बोट दाखवलं. "ही तर वापरात नाही. मॅडम, ही धरायची का?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्याकडे हनुवटी उडवत तिनं मुलीला समजावून सांगितलं.

"हे या बाईची हाय. आपली तिकडं हाय." मग पदर डोक्यावर घेत माझ्याकडे वळली. "चाला, चा तिकडंच होते. इथं काडीपेटीबी नाही."

मी तिच्या मागून निघाले. मुलगी दारातून ओरडून विचारत होती, मॅडम, काय लिहू?